दोन काडतुसं, एकच भोक

माझा धाकटा भाऊ उर्पो मोइलानेन याच्याइतका खात्री करून घेणारा माणूस आमच्या सुओवारा गावात दुसरा नव्हता. सगळी नोकरी त्यानं विजेच्या तारांवर काढली. खांबावर चढण्याआधी प्रवाह बंद आहे का ते स्वतः बघायचा, मग जोडीदाराला बघायला लावायचा, आणि मग पुन्हा स्वतः. जोडीदार वैतागायचे, शिव्या घालायचे. पण त्याच्याबरोबर काम केलेला एकही माणूस कधी भाजला नाही, हेही तितकंच खरं. घरीही तेच. सौनातली, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरातली शेगडी विझली की नाही हे बघायला ओल्या डोक्यानं बर्फातून परत जाणारा हा प्राणी. लग्न का केलं नाहीस असं कुणी विचारलं की म्हणायचा, "अजून तपासतोय." आम्ही दोघं एकाच अंगणात समोरासमोरच्या घरांत राहतो. मी आऊने, त्याची मोठी बहीण. तोंडानं फटकळ आहे असं लोक म्हणतात. म्हणेनात का.

निवृत्त झाल्यावर या माणसाला बंदुकांचं वेड लागलं. म्हणजे जमवण्याचं नव्हे. त्याच्याकडे एकच होती. वेड होतं ते दुसऱ्याला बंदूक निवडून देण्याचं. गावात कुणाला नवी रायफल घ्यायची झाली तर तो आधी दुकानात जात नसे, उर्पोच्या स्वयंपाकघरात येऊन बसे. कॉफी अर्थातच माझ्या हातची. त्यामुळे नळी किती लांब असावी, दुर्बीण किती जवळ आणणारी असावी, दस्ता अक्रोडाचा की प्लास्टिकचा, याची चर्चा मी इतकी ऐकली आहे की झोपेतसुद्धा एखाद्याला सल्ला देईन.

उर्पोचं म्हणणं एकच. माणसाला एक बंदूक पुरली पाहिजे. ऑक्टोबरात मूस हरणासाठी तीच, आणि थंडी पडल्यावर झाडाच्या शेंड्यावर बसलेल्या रानकोंबड्यासाठीही तीच. मूस म्हणजे घोड्यापेक्षा उंच जनावर आणि रानकोंबडा म्हणजे फार तर मोठं बदक. दोघांना एका बंदुकीत बसवायचं म्हणजे कसरतच होती, पण त्याला नेमकी तीच आवडायची. आमच्या मूसच्या शिकारटोळीचा म्होरक्या कालेर्वो हुओतारी याच्या कपाटात सहा बंदुका होत्या आणि दरवर्षी या दोघांची जुंपायची. कालेर्वोला सगळं मोठं लागायचं. उर्पो त्याला विचारायचा, तुला मूस मारायचाय की गोठा पाडायचाय?

मग केर्तू आली.

केर्तू लेइनोनेनचा नवरा आर्वो वसंतात हृदय बंद पडून गेला. शेत, रिकामा गोठा आणि तुइस्कू एवढं तिच्यामागे राहिलं. तुइस्कू म्हणजे आर्वोनं पिल्लापासून वाढवलेला करडा कुत्रा, शेपटी पाठीवर वळलेली. एकदा मूस सापडला की त्याच्या तोंडापुढे नाचत, भुंकत त्याला जागच्या जागी खिळवून ठेवायचा, शिकारी पोचेपर्यंत हलू द्यायचा नाही. असा कुत्रा पंचक्रोशीत नव्हता. आर्वोला पुरून पंधरवडा झाला नाही तोच कालेर्वो आणि आणखी दोघं विचारायला आले, कुत्रा आम्ही सांभाळू का? केर्तू नाही म्हणाली. शिकारी कुत्रा जंगलाशिवाय खंगतो हे तिला ठाऊक होतं. तेव्हा जन्मात बंदूक न धरलेल्या या बाईनं अठ्ठावन्नाव्या वर्षी शिकारीची परीक्षा दिली. मला एकदा म्हणाली होती, घरात शिरल्यावर मान वळवून बघणारं कुणीतरी असतं गं, तेवढंच.

आर्वोची बंदूक घेऊन ती उर्पोकडे आली तेव्हा तिचा खांदा काळानिळा झाला होता. ती बंदूक होती कालेर्वोच्या आवडीची, घोड्यासारखी लाथ मारणारी. केर्तू म्हणाली, "ही मला झेपत नाही उर्पो. पण मला एकच हवी आहे. सगळ्याला चालेल अशी. कपाट भरायचं नाहीये मला."

माझ्या भावानं आयुष्यभर ज्या वाक्याची वाट पाहिली होती ते वाक्य हे. कान लाल झाले त्याचे. मी बघितलं, आणि ती गेल्यावर चिडवलंही. तो म्हणाला, आर्वो माझा मित्र होता. म्हटलं, हो रे बाबा, आर्वोसाठीच लाल झाले कान.

अख्खा हिवाळा त्यानं त्या एका बंदुकीत घातला. केर्तूला स्वयंपाकघरात उभी करून डोळे मिटायला सांगायचा आणि माझ्या झाडूचा दांडा हातात देऊन खांद्याला लावायला लावायचा. तिचा गाल कुठे टेकतो, डोळा कुठे येतो, हे दोऱ्यानं मापायचा. तीनशे आठच्या काडतुसाची रायफल ठरली, कारण ती मूसला पुरते आणि बाईमाणसाचा खांदा फोडत नाही. नळी आखूड, झाडीत अडकू नये म्हणून. नळीच्या तोंडाला आवाज मारणारा डबा, तिच्या कानांसाठी आणि कुत्र्याच्या कानांसाठी. दुर्बीण अशी की दाट रानात पाच पावलांवरचंही दिसेल आणि फिरवली की शेंड्यावरचा कोंबडाही. दस्ता लाकडाचाच हवा असा केर्तूचा हट्ट, तर आर्वोच्या बंदुकीचा रंग जुळवून त्यानं तो स्वतः तासला, दोन बोटं आखूड केला. माझं स्वयंपाकघर महिनाभर जवसाच्या तेलानं वास मारत होतं.

एवढं करून तो थांबला असता तर बरं झालं असतं.

पण गोळीचा प्रश्न राहिला होता. मूससाठीची गोळी आत गेल्यावर फुलते, जखम मोठी करते आणि बहुधा आतच राहते. तीच गोळी कोंबड्याला मारली तर हातात फक्त पिसं येतात. म्हणून पक्ष्यांसाठी वेगळी गोळी, तांब्यात पुरी बंद, न फुलता आरपार जाणारी. पेन्सिलीएवढं भोक, बस. अडचण अशी की एकाच बंदुकीतून या दोन गोळ्या दोन वेगळ्या जागी लागतात. प्रत्येक वेळी दुर्बीण फिरवून जुळवावी लागते. लोक फिरवतात आणि विसरतात. उर्पोला ते नको होतं. तो काडतुसं घरीच भरायचा. दारू कणाकणानं कमीजास्त करत त्यानं असा मेळ घातला की दोन्ही गोळ्या कागदावर एकाच जागी बसाव्यात. मग दुर्बिणीला हातच लावायला नको. केर्तूनं फक्त डबी बदलायची.

दोन्ही काडतुसं टोकाकडून बघितली तर वेगळी दिसतात, पण घाईत दोन्ही पिवळीच. म्हणून पक्ष्यांच्या काडतुसांच्या बुडाला त्यानं लाल ठिपके दिले, माझ्या नेलपॉलिशचे. भाचीच्या लग्नाला म्हणून मी आयुष्यात घेतलेली ती एकच बाटली. म्हटलं, घे, तुझ्या काडतुसांना तरी नटू दे.

ऑगस्टात चांदमारीच्या मैदानावर त्यानं ते सगळ्यांना दाखवलं. टोळीतले सगळे होते, मी थर्मास आणि वेलदोड्याचे पाव घेऊन गेले होते. केर्तूची बंदूक घेऊन तो आडवा झाला आणि एक गोळी या डबीतली, एक त्या डबीतली अशी आळीपाळीनं झाडायला लागला. कागद आणला तर सगळ्या गोळ्यांनी मिळून एकच फाटकं भोक पाडलेलं, वर कॉफीचा कप ठेवला तर झाकून जाईल एवढं. कालेर्वो, जो उर्पोचं कौतुक करण्यापेक्षा स्वतःचा दात उपटून घेईल, तो कागद उन्हाकडे धरून उभा राहिला आणि म्हणाला, "हरलो बाबा." सगळे उर्पोच्या पाठीवर थापा मारायला लागले. आमच्याकडे पाठीवर थाप म्हणजे दुसरीकडचं ढोलताशे वाजवणं समजा. त्या गर्दीतच उर्पोनं आवराआवर केली, काडतुसं डब्यांत घातली आणि डब्या केर्तूच्या हातात दिल्या.

केर्तूनं विचारलं, दर वेळी बुडं तपासून घेऊ ना?

आणि माझा भाऊ, शेगडी तीनदा बघणारा माझा भाऊ म्हणाला, "तपासायचं काय त्यात? माझ्या हातची डबी आहे."

ऑक्टोबरात मूसची शिकार सुरू झाली. त्या शनिवारी पहिला पातळ बर्फ पडला होता. मी टोळीच्या खोलीवर वाटाण्याचं सूप ढवळत होते आणि कोपऱ्यातल्या वायरलेसवर सगळं ऐकू येत होतं. तुइस्कूनं ओढ्यापलीकडे मूस अडवला. केर्तू सगळ्यांत जवळ होती. कालेर्वो म्हणाला, केर्तू जाईल, बाकीचे जागेवर थांबा. तिचा पहिलाच मूस होणार म्हणून मी दुधाची साय बाजूला काढून ठेवली, केकवर घालायला. बराच वेळ नुसतं भुंकणं, लांबून. मग दबका बार. मग काही नाही. मग केर्तूचा आवाज आला, मूस पडलाय. आणि थोड्या वेळानं, अगदी साध्या सुरात, "तुइस्कूपण पडलाय."

गोळी मूसच्या फासळ्यांतून पार होऊन पलीकडे गेली होती. कुत्रा क्षणापूर्वी मूसच्या तोंडापुढे होता, तो मागून वळसा घालून पलीकडे गेला आणि नेमका तिथं सापडला. मूसच्या मागे कुत्रा असेल तर चाप ओढायचा नाही, हे आमच्याकडे सगळ्यांत आधी शिकवतात. केर्तू तेच सांगत राहिली, भेटेल त्याला. घाई केली मी. बघायला हवं होतं मी.

तिला कुणी वाईटसाईट बोललं नाही. आमच्याकडे बोलत नाहीत, गप्प होतात. ते गप्प होणं बोलण्यापेक्षा वाईट. सूप पिताना एक जण एवढंच म्हणाला की बंदूक लाख मोलाची मिळाली होती, पण हात नवखा पडला. दोघातिघांनी मान हलवली. उर्पो शेडमध्ये मूस सोलून तेव्हाच आत आला होता. तो चमचा तसाच खाली ठेवून बाहेर गेला. मला वाटलं, कुत्र्याचं दुःख.

पण एक गोष्ट माझ्या डोक्यात किडा होऊन बसली. तो सोलत असताना मी त्याला कॉफी द्यायला शेडमध्ये गेले होते. मूसच्या ज्या बाजूनं गोळी बाहेर पडली त्या बाजूचा कातड्याचा आणि मांसाचा चांगला तळहाताएवढा तुकडा त्यानं कापून बादलीत टाकला. रक्त साकळलेलं मांस कापून टाकतातच. पण ते साकळलेलं नव्हतं. स्वच्छ होतं. इतकी वर्षं सूप शिजवतेय, मला मांस कळतं.

दोन दिवस तो जेवला नाही धड. केर्तू बंदूक घेऊन आली, दारातच भिंतीला टेकवून म्हणाली, कुणालातरी विकून टाक. उर्पो तिच्याकडे न बघता म्हणाला, बघू. ती गेल्यावर तो मागे लाकडं रचायला गेला, रचलेलीच लाकडं पुन्हा रचत होता. मी त्याच्यामागे गेले.

"उर्प्या, ते चांगलं मांस कशाला कापलंस?"

"साकळलं होतं."

"मी तिथं उभी होते. काही साकळलं नव्हतं."

त्यानं हातातलं लाकूड खाली ठेवलं, पुन्हा उचललं. मग सांगितलं. बाहेर पडणारं भोक पेन्सिलीएवढं होतं. मूसच्या गोळीनं असं भोक पडत नाही. ती पक्ष्याची गोळी होती. कायद्यानं मूसवर चालत नाही ती, आणि कायदा सोडा, कुत्रा भुंकत असताना ती कुणी नळीत घालणार नाही. मैदानावर लोक थापा मारत होते तेव्हा त्याच्या मुठीत एक काडतूस उरलं होतं. ते त्यानं न बघता जवळच्या डबीत सारलं. कालेर्वो तेव्हा काहीतरी बोलत होता आणि त्याला ते ऐकायचं होतं. गोड वाटत होतं ऐकायला. शिकारीच्या रात्री घरी येऊन त्यानं पक्ष्यांची काडतुसं पुन्हा पुन्हा आठवून जुळवली होती, एक कमीच भरत होतं.

मी तिथंच लाकडांवर बसले.

"बुडाला लाल ठिपका होता, आऊने," तो म्हणाला. "तिनं बघायला हवा होता."

"आणि तिनं विचारलं तेव्हा तू काय म्हणालास?"

त्यानं हातातलं लाकूड ढिगावर चढवलं.

"मी थर्मास धरून शेजारी उभी होते, उर्प्या. 'माझ्या हातची डबी आहे,' म्हणालास."

मग त्यानं दुसरी वाट धरली. योग्य गोळी असती तरी कधीकधी आरपार जाते, सांगता येत नाही, कदाचित कुत्रा तरीही गेला असता. म्हटलं, बरं, तर मग तेही सांग तिला, पण सांग. इतका राग आला होता मला त्याचा, आणि त्याच वेळी इतकी कीव, की काय करावं कळेना. हा माणूस आयुष्यभर दुसऱ्यांच्या जिवासाठी तारा तपासत फिरला, आणि तपासायचं राहिलं ते नेमकं एकदा, चार लोकांनी शाबासकी दिली तेव्हा. ते समजण्यासारखं होतं. कुणाच्याही हातून झालं असतं. पण तो कापलेला तुकडा? तो हात चुकून नव्हता फिरला.

"सांगतो," तो म्हणाला. "जातो उद्या."

गेला. दुपारी परत आला तो हातपाय चिखलानं भरलेले. केर्तूच्या विहिरीचा पंप आवाज करत होता म्हणे, तो दुरुस्त करून आला. बोललास का? विचारलं तर म्हणाला, पंपाचा आवाजच इतका होता. दुसऱ्यांदा गेला तर तिच्या गोठ्याच्या छपराची पन्हळ बसवून आला. तिसऱ्यांदा तिच्यासाठी कुत्र्याचं पिल्लू बघतो म्हणून सांगून आला, कुहमो गावात कुणाकडे तरी चांगल्या रक्ताची पिल्लं होती. बोलला म्हणे तिच्याशी, पण पिल्लाबद्दल. मी त्याला म्हटलं, तिच्या घरात आता दुरुस्त करायला काही शिल्लक ठेवलंयस का?

मी स्वतः सांगून टाकावं असं मला रोज वाटायचं. पण ते माझं नव्हतं. मी सांगितलं असतं तर त्याला सांगायचं उरलंच नसतं, आणि मग तो कायमचा आतल्या आत मिटून गेला असता हे मला कळत होतं.

मग केर्तूच माझ्याकडे आली, रिकाम्या भांड्याचं निमित्त करून. कॉफी थंड होईपर्यंत तिनं कपाला हात लावला नाही. हात टेबलावर पालथे ठेवून बसली होती.

"तो मूसच्या तोंडाशी होता, आऊने. मी बघितलं. मग चाप ओढला. बघितलं होतं ना मी? की नुसतं वाटलं मला?"

मी तिची थंड कॉफी टाकून कप पुन्हा भरला.

"उर्पो पिल्लू आणून देतो म्हणतो," ती म्हणाली. "नको म्हटलं. या हातात आता मी कुत्रं देणार नाही." आणि मग, "फार चांगला आहे गं तो. एका शब्दानं दोष देत नाही मला. इतकी चांगली बंदूक करून दिली, आणि मी हे केलं."

ती गेल्यावर मी अंगण ओलांडून गेले आणि हे सगळं उर्पोला शब्दाशब्दानं सांगितलं. मुद्दाम. त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. तुझ्याबद्दल ती चांगलं बोलते, ऐक नीट, असं मी वर म्हटलं. क्रूर झाले मी तेव्हा, झाले तर झाले.

रविवारी मांसाची वाटणी होती. तिची आमची पद्धत अशी. शेडमध्ये लांब टेबलावर मांसाचे ढीग लावायचे, जितकी माणसं तितके ढीग, शक्य तितके सारखे. एक जण भिंतीकडे तोंड करून उभा राहतो. दुसरा एका ढिगावर हात ठेवून विचारतो, हा कुणाचा? भिंतीकडे तोंड केलेला नाव घेतो, आणि ढीग त्याचा. म्हणजे कुणाला वाईट तुकडा मिळाला तर कुणावर रुसायला जागा नाही. भिंतीकडे उभा राहायचा मान टोळीतल्या सगळ्यांत सरळ माणसाचा. आमच्याकडे कित्येक वर्षं तो उर्पोचा होता.

वाटणी सुरू होण्याआधी केर्तू आली. तिनं टोळीच्या खोलीची किल्ली टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवली. म्हणाली, मी सोडतेय टोळी, माझं नाव घेऊ नका, ते मांस माझ्या घशाखाली उतरणार नाही. कालेर्वो खाली बघत म्हणाला की टोळी सोडायची तर सोड, पण हा मूस तू मारलास, ढीग लावलाय तो लावलाय. ती दाराशी उभी राहिली, निघेना, आत येईना.

उर्पो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याची मान मला मागून दिसत होती, लाल, घामेजलेली, त्या थंडीत.

कालेर्वोनं पहिल्या ढिगावर हात ठेवला. हा कुणाचा? उर्पोनं नाव घेतलं. हा कुणाचा? घेतलं. एकेक जण आपापली पाटी भरून बाजूला होत गेला. शेवटी दोन ढीग राहिले.

"हा कुणाचा?"

"केर्तूचा."

कालेर्वोनं केर्तूकडे बघितलं, खांदे उडवले, शेवटच्या ढिगावर हात ठेवला. आता उर्पोच उरला होता, विचारायचीसुद्धा गरज नव्हती. पण विचारायचं म्हणून विचारलं. "आणि हा कुणाचा?"

"केर्तूचा."

कुणीतरी हसलं. कालेर्वो म्हणाला, "अरे, दोन्ही तिचे कसे? तुझा कुठला?"

"माझा नाही."

"का?"

उर्पोचे हात बाजूला लोंबत होते. तो भिंतीशी बोलला, पण शेडमध्ये सगळ्यांना नीट ऐकू गेलं. "नळीत पक्ष्याची गोळी होती. मैदानावर मी ती मूसच्या डबीत टाकली, न बघता. केर्तूनं विचारलं होतं, तपासू का. मी नको म्हटलं. भोक बघितलं तेव्हाच कळलं मला. मग मी ते कापून टाकलं."

कुणाच्या हातातली पाटी जमिनीवर टेकली.   त्याचं सगळं गेलं आता, मला वाटलं, नाव, मान, ती भिंतीजवळची जागा, सगळं. आणि त्याच वेळी बरंही वाटलं मला, खोटं कशाला बोलू.

केर्तू दारातून आत आली. "वळ," ती म्हणाली.

तो वळला.

"कधी कळलं तुला?"

"सोलताना."

"म्हणजे त्याच दिवशी."

"हो."

ती त्याच्याकडे बघत राहिली. चेहऱ्यावर राग यायला वेळ लागतो कधीकधी, आधी हिशेब लागावा लागतो. तिला तो लागताना मी पाहिला. किती सकाळी उठून ती आपल्या हातांकडे बघत बसली असेल, ते सगळं तिच्या तोंडावर आलं.

"आणि तू माझा पंप दुरुस्त करत बसलास," ती म्हणाली.

  उर्पोनं माफी मागितली, अगदी हळू. तिनं ती ऐकल्याचं दाखवलं नाही. कोपऱ्यावरची किल्ली उचलून तिनं खिशात टाकली. टेबलाजवळ जाऊन पहिल्या ढिगाचे तुकडे एकेक करून आपल्या पाटीत भरले, हाडाचा तुकडासुद्धा सोडला नाही. मग कालेर्वोला विचारलं, पुढच्या शनिवारी मला कुठे उभं करणार आहेस? कालेर्वो बिचारा ततपप करत म्हणाला, ओढ्याच्या अलीकडे, चालेल का? ती म्हणाली, चालेल.

कालेर्वोचा हात अजून शेवटच्या ढिगावर होता. काय करावं त्याला कळत नव्हतं. इतक्या वर्षांची सवय, तोंडातून आपसूक निघून गेलं. "मग हा कुणाचा?"

 मी बोलायला तोंड उघडलं होतं, पण केर्तू पाटी कमरेवर घेऊन दारातच थांबली होती.

"त्याचा," ती म्हणाली. "सगळा नेऊ दे त्याला. मी खाणार आहे, तोही खाईल."

ते मांस आम्हाला मार्चपर्यंत पुरलं. दर रविवारी मी ते शिजवून अंगणापलीकडे नेलं, आणि उर्पोनं एकदाही नको न म्हणता शेवटच्या घासापर्यंत खाल्लं.